३३ टक्के आणि पत्रावर पत्रे

पोलीस दलात ३३ टक्के महिला असाव्यात, असे केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना २०१३ साली कळवले. २०१४ला पुन्हा, २०१५ला पुन्हा, २०१९लाही. एवढी चिकाटी हल्ली फक्त विमा विकणाऱ्यांत दिसते. महिला मदतकक्ष चोवीस तास चालावा म्हणून दर ठाण्यात किमान ३ महिला उपनिरीक्षक आणि १० महिला शिपाई हवेत, असा त्या पत्रांतला हिशेब.

आमच्या गोव्यातल्या सुर्ला गावासाठी मला याहून स्वस्त उपाय दिसतो. शिपाई कशाला वाढवायचे? संकटेच कचेरीच्या वेळेत बसवावीत. नवऱ्याने दारू पिऊन हात उगारायचा तो सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेनऊनंतर. (जेवणाची सुट्टी पाळावी.) चवथ, जत्रा आणि मंत्र्यांचा दौरा वर्ज्य, त्या दिवशी महिला शिपाई बंदोबस्ताला. वेळापत्रक पंचायतीच्या फलकावर लागले की झाले. नवरेमंडळी शिस्तीचीच आहेत.

शिवाय ‘एक बाई दहा पुरुषांना भारी’ हे आपण दर महिला दिनी व्यासपीठावरून सांगतोच. त्या गणिताने ३३ टक्के केव्हाच ओलांडले.

तरी पुढचे पत्र येईलच. त्याचे उत्तर टंकायला ठाण्यातल्या एकुलत्या एका महिला शिपायालाच मदतकक्षातून उठवतील.