पोरीचा लॅपटॉप आणि बापाचा बंदोबस्त

निकोलस निग्रोपॉंटे यांनी 2005 मध्ये गाजावाजा केलेला ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ 2007च्या नोव्हेंबरात अमेरिकेत विकायला आला, तो 399 डॉलरला. त्यात एक आपल्याला आणि एक गरीब देशातल्या कुणा मुलाला. हा हिशेब बायकोला पटवताना मी पुण्याचा उल्लेख फार केला.

यंत्राचं नाव एक्सओ. हिरवं-पांढरं, 256 एमबी रॅम, 1 जीबी साठवण, आत फेडोरा लिनक्स. दोन कान वर केले की उघडतं. कान म्हणजेच वायफायचे अँटेना. कीबोर्ड सलग रबराचा, त्यामुळे धाकट्याने पहिल्याच दिवशी त्याला दूध पाजलं तरी पुसून काम भागलं.

मी न्यू जर्सीतल्या एडिसनला डेटाबेस सांभाळून पोट भरतो. आमच्या ऑफिसात पासवर्डात मोठं अक्षर, आकडा आणि एखादं विरामचिन्ह नसेल तर चहासुद्धा मिळत नाही. तेव्हा लेकीच्या हाती देण्याआधी यंत्राचा बंदोबस्त करणं आलंच. यंत्राने सुरू होताना दोनच गोष्टी विचारल्या: नाव काय, रंग कोणता हवा? मी पासवर्डच्या प्रश्नाची वाट बघत बसलो. लेकीने तेवढ्यात जीभ बाहेर काढून स्वतःचा फोटोही घेतला.

मग मी टर्मिनल उघडलं. ‘एसयू’ टाइप करून एंटर दाबलं, तर थेट रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकार! ना चौकशी, ना हरकत. माझ्या अंगावर काटा आला. तिथल्या तिथे रूट आणि लेकीचं, अशा दोन्ही खात्यांना भक्कम पासवर्ड घातले, यंत्र पुन्हा सुरू केलं. त्याने काहीही न विचारता लेकीला आत घेतलं. टर्मिनलात मात्र मला अडवलं.

पासवर्ड न मागण्याचं मूळ ‘बिटफ्रॉस्ट’ नावाच्या सुरक्षा आराखड्यात. तो लिहिणाऱ्या इव्हान क्रस्टिच यांचं म्हणणं असं, की पाच वर्षांच्या मुलाला धड वाचता येत नाही, तर पासवर्ड कसला मागता? संशय घ्यायचा तो प्रोग्रामवर. प्रत्येक प्रोग्राम वेगळा कोंडायचा, त्याला लागेल तेवढीच मुभा द्यायची. कॅमेरा चालू असेल तर दिवा लागणार, आणि तो प्रोग्रामला विझवता येणार नाही. पोरांवर पाळत ठेवून प्रोग्रामांना मोकळं रान देणाऱ्या आम्हा पालकांना हे जरा झोंबतंच.

चोरीचाही विचार होता. लॅपटॉप घेणाऱ्या देशाने मागितली तर अशी सोय, की लॅपटॉप रोज सर्व्हरला विचारेल, ‘मी चोरीचा नाही ना?’ बरेच दिवस उत्तर आलं नाही, तर बंद पडेल.

हे सगळं मी फोनवर आईला सांगितलं. आई कर्जतला. दिल्लीच्या शिक्षण खात्याने 2006 मध्ये हा लॅपटॉप नाकारला होता, तरी पुढच्याच वर्षी तो कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत प्रयोगासाठी पोचला होता. ती बातमी तिच्याकडे माझ्याआधी होती.

“अरे, इथे पोरांना फुकट मिळाला. तू कसले पैसे भरलेस?”

मी पुण्याकडे वळणार, एवढ्यात तिने विचारलं, “आणि ते रोज काय विचारायचं म्हणालास?”

“चोरीला गेलेला नाही, याची खात्री.”

“रोज? अरे, माझी बँकसुद्धा हयातीचा दाखला वर्षातून एकदाच मागते.”