दोन भोवऱ्यांचं डोकं

लहानपणी मी दिसायला फार देखणा होतो. पुरावा मात्र एकही नाही. पोरांचा फोटो काढायचा म्हटलं की आधी त्यांची कटिंग, असा आमच्या घरचा दंडक होता. त्यामुळे अल्बममध्ये मी जिथे जिथे आहे, तिथे नुकताच कापला गेलेला आहे. दोन कान, मध्ये एक भांबावलेला चेहरा आणि वर थोडंसं काळं. केस कपाळावर यायला लागले आणि मी खरोखर बघण्यासारखा झालो की कॅमेरावाले काका नेमके भिलाईला गेलेले असत.

१९७८ साली ‘डॉन’, ‘त्रिशूल’ आणि ‘मुकद्दर का सिकंदर’ एकापाठोपाठ आले आणि नागपुरात बर्डीवर जो तो पोट्टा कान झाकून फिरू लागला. माझेही कान झाकले जावेत, याहून जास्त काही मी आयुष्याकडे मागत नव्हतो. वडिलांचा त्याला सक्त विरोध होता. कान उघडे असलेल्या मुलाचं गणित सुधारतं, अशी त्यांची काहीतरी समजूत असावी. माझ्या गणिताकडे बघून तरी त्यांनी ती सोडायला हवी होती.

शनिवारी केस कापायचे नाहीत, सोमवारी नाहीत, ज्याचा त्याचा जन्मवार टाळायचा, अमावास्येचं तर नावच काढायचं नाही. एवढं सगळं वजा जाऊन जो रविवार उरे, त्या दिवशी सकाळी महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात काकाजी धोकटी उघडून बसत. घरातली मोठी माणसं ‘म्हाली आला’ म्हणत. आम्ही पोरं काकाजी म्हणायचो. वडील ‘तरुण भारत’ घेऊन समोरच्या पायरीवर बसत. त्याच पेपरच्या शिळ्या अंकाला मधोमध भोक पाडून तो आमच्या गळ्यात घातला जाई. भोक जाहिरातींच्या पानालाच पडेल, अग्रलेखाला धक्का लागणार नाही, यावर वडिलांचं बारीक लक्ष असे. पोराच्या मानेवर एवढं लक्ष असतं तर बरं झालं असतं.

काकाजी उकिडवे बसत आणि आमचं डोकं दोन गुडघ्यांत धरत. एकदा ते तिथं गेलं की धोतर, बिडी आणि तुरटी यांच्या संमिश्र वासात जगाशी संबंध संपे. मग मशीन. काकाजी ते आधी हवेत दोनदा कचकच वाजवत, त्याच्या दातांवर तेलाचा थेंब सोडत आणि मानेवर टेकवत. ते गार असे. हाताच्या त्या मशीनचं एक तंत्र असतं: मूठ पूर्ण मिटून दात एकावरून दुसरे सरकले की मगच ते उचलायचं. स्प्रिंग ढिली झाली असेल किंवा हात अर्धवट मिटला असेल, तर केस कापले न जाता उपटले जातात. आपण ‘आई गं’ म्हणून वर उसळलो की वरून आवाज येई, “हालू नको बे पोट्ट्या, कान हातात येईन!” आणि पायरीवरून वडील म्हणत, “काकाजी, अजून बारीक.”

उन्हाळ्यात तर सरळ झिरो. पारा पंचेचाळीसला टेकला की डोक्यावर केस ठेवणं हा आमच्याकडे उधळेपणा समजला जाई. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की पुण्या-मुंबईची पोरं जूनच्या मध्यातच शाळेत जातात आणि आमच्या विदर्भात शाळा उघडते सव्वीस जूनच्या सुमारास. टोपीशिवाय वर्गात बसण्याइतपत उगवायला आम्हाला ते दहा-बारा दिवस जास्तीचे मिळत. पोळ्याच्या आधीची कटिंग मात्र थेट जिव्हारी लागायची. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन घरोघर जायचं, तर एका घरच्या आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं होतं, “मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या यंदा चालत आला का?”

आता भोवऱ्याबद्दल सांगितलंच पाहिजे. खरं तर याच्यासाठीच मी लिहायला बसलो. माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत. एका रविवारी डोकं गुडघ्यात असतानाच काकाजींनी हे जाहीर केलं: “या पोट्ट्याले दोन भोवरे हायेत. दोन लग्नं करते हा.” आजी म्हणाली, “एकाचे वांधे होणार आहेत, दोन कुठली!” पण मी त्या दिवसापासून निराळ्याच ऐटीत चालू लागलो. गल्लीतली बाकी पोरं एका भोवऱ्याची, सामान्य. मी रामायणाचाही या अंगाने विचार केला. दशरथाला तीन असणार. आणि श्रीकृष्ण? सोळा हजार एकशे आठ भोवरे एका डोक्यात म्हणजे केस बसायचे कसे? म्हणूनच तो मुकुट कधी काढत नाही आणि लोकांचं लक्ष मोरपिसावर ठेवतो, हा माझा शोध मी आजीला सांगितला आणि पाठीत धपाटा खाल्ला. पुढे वाचलं, की भोवरा आईच्या पोटातच ठरून येतो, बहुतेकांचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, काहींचा उलटा, आणि थोड्यांनाच दोन असतात. विज्ञान लग्नांविषयी काही बोलत नाही. पण दोन भोवऱ्यांच्या सीमेवर केसांचं एक टोक उभं राहतं आणि कितीही खोबरेल थापलं तरी आडवं होत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. म्हणजे वडील आडवे आले नसते तरी माझा अमिताभ होणार नव्हताच.

काकाजींना हे ठाऊक होतं. तिथं आले की ते मशीन खाली ठेवत, ती बट दोन बोटांत धरत आणि कात्री आडवी घालून जरा लांबच ठेवत, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने खाली झुके. वडिलांनी ‘अजून बारीक’ म्हटलं तरी तेवढ्या जागेपुरते काकाजींना ऐकू येत नसे. धाकट्या भावाचा भोवरा डावीकडे, चुलत्यांच्या कानामागे जुनी खोक, सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं. नंतर आयुष्यभर सलूनमध्ये पैसे मोजले, पण त्या बटीला कुणी असं विचारलं नाही.

आजोबा गेले तेव्हा दहाव्याला काकाजीच घाटावर होते. दर रविवारी ज्यांना सूचना द्यायच्या त्यांच्यापुढे वडील मुकाट्याने बसले. वस्तरा लावण्याआधी काकाजींनी त्यांच्या डोक्यावर पाण्याचा हात ठेवला, तो भिजवायला लागतो त्याहून बराच वेळ तिथंच राहिला. परत आल्यावर सगळ्यांना चहा झाला. काकाजींना त्यांच्या कपात. दांडी तुटलेला, मागच्या कोनाड्यात पालथा असलेला तो कप त्यांनी स्वतः काढायचा, पिऊन स्वतः विसळायचा, स्वतःच पालथा घालायचा.

आमच्या घरची माणसं भली होती. कपाचा विषय काढला की अजूनही भलेपणानेच म्हणतात, “तेव्हा तसंच होतं.” तेव्हा म्हणजे कधी? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. आमच्या आजोबांची आत्या त्यानंतर कित्येक वर्षं लाल आलवणात, डोक्यावर पदर घेऊन जगली. वस्तरा खाली ठेवायची अक्कल ‘तेव्हा’ कुणाला सुचली होती आणि कुणाला नव्हती, हे घरात एकदा तरी निघायला हरकत नव्हती. प्रतापगडचा जिवा महाला आणि पन्हाळ्याचा शिवा काशीद, दोघेही काकाजींच्याच समाजाचे, चौथीच्या इतिहासात आम्हाला पाठ. त्यांच्यावर मार्क मिळवले आणि काकाजींना कप वेगळा दिला.

असो. चिडून केस उगवत नाहीत.

मार्च २०२० मध्ये सलूनना कुलपं लागली. राज्यात ती उघडली २८ जूनला, तीही केस कापण्यापुरती, दाढीला बंदीच. या मधल्या काळात, अर्ज करून बेचाळीस वर्षांनी, माझे कान झाकले गेले. आरशात ‘डॉन’ दिसेल म्हणून मोठ्या आशेने पाहिलं, तर वर्तमानपत्राला पत्रं लिहिणारे एक निवृत्त मुख्याध्यापक दिसले. केस होते ते सगळे कानांवरच होते.

शेवटी बायकोने मला गॅलरीत बसवलं. हातात दुधाची पिशवी कापायची कात्री. मोबाईलवर पुण्याहून मुलीच्या सूचना.

“मागे जरा अमिताभ ठेव,” मी म्हटलं.

“ठेवायला काही आहे का?”

बराच वेळ कात्री चालली. टाळूपाशी येऊन थांबली.

“अहो, तुमचे ते दोन भोवरे ना, आमच्या माहेरी मोठ्या कौतुकानं सांगितलेले...”

“त्यांचं काय?”

“एकच उरलाय. दुसऱ्याच्या जागी टक्कल.”

“बघ, आता तरी विश्वास बसला? दुसऱ्या लग्नाची भीती गेली.”

“ते ठीक आहे,” ती कात्री पुन्हा उचलत म्हणाली, “पण गेला तो तिचाच होता, हे कशावरून?”