पाहुणे आले, भांडी पडली

आमच्या पोहरादेवीत रामनवमी आली की घर घरच्यांचं उरत नाही. सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेच्या पाया पडायला पार तेलंगणा-कर्नाटकातून बंजारा समाज लोटतो, आणि ज्याची गावात कुणाशी लांबची सोयरीक निघते तो त्या ओसरीवर पथारी टाकतो. पाहुण्याची जात मी लहानपणापासून ओळखतो. आल्या आल्या पाणी मागतो, पाणी पिता पिता जागा हेरतो आणि 'आम्हाला काही नको, नुसतं पाठ टेकायला' असं म्हणून भिंतीकडेची सगळ्यात चांगली जागा धरतो. आम्ही घरची पोरं आडून हसायचो. पन्नाशीपर्यंत माझा मुक्काम या हसणाऱ्यांतच होता.

गेल्या दिवाळीनंतर आम्हा चौघांना कळसूबाईची हुक्की आली. खरं म्हणजे चढण्याची सवय कुणालाच नाही. आमच्या गावात मान वर करून पाहावं अशी वस्तू म्हणजे नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा संग्रहालय. २०२४च्या ५ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ते चार मजली, आणि कळसूबाई १६४६ मीटर. पण ठरलं ते ठरलं. मूर्तिजापूरला रेल्वे धरली, इगतपुरीला उतरलो आणि घोटीवरून जीपने अकोले तालुक्यातल्या बारी गावात पोचलो. डोंगर पहाटे चढायचा होता. रात्र एका घराच्या ओसरीवर काढायची होती.

ओसरी शेणाने सारवलेली, एका कोपऱ्यात भाताची पोती, आढ्याला टांगलेली कणसं आणि एकच बटणाचं सॉकेट. पाणी आलं. पाणी पिता पिता माझी नजर आपोआप भिंतीकडे गेली, आणि तिथे आमचा किराणा दुकानवाला आधीच बॅग ठेवून मोकळा झाला होता. "मला काही नाही बे, कुठंही चालते," असं म्हणत.

मग पोती सोडून सगळ्यांचं सामान उलगडलं. चौघांत सहा टॉर्च, गुडघ्याचे पट्टे, तीन प्रकारची मलमं, चिवड्याचा डबा आणि आमच्या नायकाने (तांड्याचा नव्हे, सहलीचा) आणलेली फुगवायची उशी. ती फुगवताना तो इतका दमला की उद्याच्या चढाईची चिंता मला तिथेच लागली. याचेच पूर्वज बैलांवर मीठ नि धान्य लादून लदेणीला निघायचे, संध्याकाळी माळावर गोण्या उतरवून एकावर एक रचायचे आणि तीच भिंत, तोच आडोसा. हे त्याला ऐकवलं तर म्हणाला, "त्यांना मानेचा त्रास नव्हता."

सॉकेटवरून अर्धा तास वाद झाला, तो सांगण्यासारखा नाही.

घरची कर्ती बाई आमच्याहून पाच-सात वर्षांनीच मोठी असेल. आजी म्हणणं जिवावर आलं, मावशी म्हणालो. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता भात. जन्मभर ज्वारीवर वाढलेली आमची तोंडं त्या काळसर भाकरीपुढे पहिल्या घासाला बिचकली, तिसऱ्याला विसरली. जेवता जेवता आमच्यातल्या मास्तरांनी शिड्यांची चौकशी केली. उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या लावल्यात हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या हलतात का, हे त्यांनी तीनदा विचारलं. "हलंल थोडी," मावशी म्हणाली, "पन पडत न्हाई." मास्तरांनी पुढची भाकरी नको म्हटलं.

मग तिनेच कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याच्या घरी कामाला राहिलेली पोर. राहतानाच तिने अट घातली होती, सगळं करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस सुरळीत गेले. एक दिवस घरी पाहुणे आले, भांड्यांचा ढीग पडला आणि घरातलं कुणीतरी तिला बोललं, घास. तिने घासली. घासून झाल्यावर सरळ डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली उतरलीच नाही. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. वर तिचं देऊळ आहे.

गोष्ट संपली तेव्हा चौघांच्याही नजरा आपापल्या ताटावर होत्या. इतक्या देवींच्या कथा ऐकल्या, त्यात राक्षस असतो, महिषासुर असतो. इथे सगळा दोष पाहुण्यांच्या माथी. मला आमच्या रामनवमीचा दुसरा दिवस आठवला. पाहुणे गेलेले, अंगणात भांड्यांचा डोंगर आणि त्याच्यामागे पाठमोरी आई. आम्ही हसणारी पोरं तेव्हा कुठे असायचो, ते आत्ता आठवायला नको होतं.

किराणावाला पहिला उठला. ताट घेऊन न्हाणीकडे निघाला. मागोमाग आम्ही. घरी चहाचा कपही न विसळणारे चौघे टॉर्चच्या उजेडात राखेने ताटं घासत बसलो. सहा टॉर्चचा तेवढाच उपयोग झाला.

"राहू द्या की पाव्हणं," मावशी दारातून म्हणाली.

"नको मावशी," मास्तर म्हणाले, "पहाटे वर तिच्याच दारात जायचंय. तिनं विचारलं तर?"

मावशी खो खो हसली, आत गेली आणि भाताचं बुडाला काळं झालेलं भलंमोठं पातेलं आणून आमच्यापुढे ठेवलं. "मग ह्येबी घ्या."