माशांना चालेल का?

तुमच्या ओळखीत तात्या नसतील असं होणारच नाही. फार तर त्यांना अण्णा म्हणत असतील. घरात फिशटँक येतो आणि त्या दिवसापासून या माणसाला जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल एकच शंका उरते: माशांना चालेल का?

आमच्या घोरावाडीचे तात्या खिशात व्हिनेगर बाळगतात. डोळ्यांत घालायच्या औषधाची रिकामी बाटली, आत व्हिनेगर. दगड दिसला की एक थेंब. बुडबुडे आले तर दगडात चुना. तो पाण्यात उतरणार, पीएच चढणार, दगड नापास. बुडबुडे नाही आले तर दगड पिशवीत. मावळात राहून ही परीक्षा घेणं म्हणजे सगळ्या वर्गाला वरच्या वर्गात ढकलण्यासारखं आहे. इथला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्याला व्हिनेगरचं काय! पण तात्या ऐकत नाहीत. दगडाच्या पोटातली एखादी पांढरी गुठळी चुन्याची निघते आणि फसफसते. मग ते चोर पकडल्यासारखे आमच्याकडे बघतात.

महाशिवरात्रीला आम्ही घोरावडेश्वराच्या डोंगरावर गेलो. लेण्यांकडे जायच्या वाटेवर तात्या एका कातळापाशी बसले आणि त्यांनी थेंब सोडला. मागून येणाऱ्या आजींनी तिथेच हात जोडले आणि तीर्थासाठी उजवा हात पुढे केला. तात्यांनी बाटली घाईघाईने खिशात टाकली, तर आजी म्हणाल्या, "देवाच्या दारात कंजूषपणा बरा नव्हे हो."

पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो, तिथेही तेच. मुलगा इंजिनिअर, माणसं सालस, पोहे उत्तम. तात्या मात्र बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. बाहेर आल्यावर गंभीरपणे म्हणाले, "घर चांगलं आहे. फरशी माशांना चालणार नाही." आमच्या नव्या मार्बलच्या ओट्यावर त्यांच्या थेंबाने पॉलिश उडून जो डाग पडलाय, तो अजून तसाच आहे. बायकोने विचारलं, "ओट्यावर कोण पोहणार आहे तात्या?" त्यावर ते म्हणाले, "माहीत असलेलं बरं."

या सगळ्याचं मूळ गणपतीत आहे. तात्या पूर्वी थर्माकोलची मखरं करत. महाल, खांब, पिसारा फुलवलेले मोर. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि सगळी कला माळ्यावर गेली. पुढे निवृत्तीला कुणीतरी चार फुटी टाकी भेट दिली. तिच्या मागच्या काचेला चिकटवलेल्या पोस्टरवर प्रवाळ आणि डॉल्फिन होते. "गोड्या पाण्यातल्या गप्पीमागे डॉल्फिन?" तात्यांनी पोस्टर फाडलं, माळ्यावरचे खांब उतरवले आणि कटरने कोरून त्यांचा कडा करायला घेतला. त्या कड्याच्या मागच्या बाजूला आजही एक मोर आहे. तो फक्त भिंतीला दिसतो.

पहिला कडा सिलिकॉनच्या चार ठिपक्यांवर चिकटवला होता. चार फूट लांब, दीड फूट उंच आणि दोन इंच जाड थर्माकोल पाण्याखाली दाबून धरला, तर तो सुमारे 28 किलोंच्या जोराने वर यायला बघतो. रात्री दोन वाजता तो वर आला, झाकण आणि ट्यूबसकट. काकूंना वाटलं, भूकंप.

दुसऱ्या वेळी तात्यांनी घाई केली नाही. थर्माकोलवर सिमेंटचे पातळ हात दिले, त्यात फरशीचा काळा आणि लाल ऑक्साइड कालवला. ओलं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, आणि पीएच चढला की माशांच्याच घाणीतला अमोनिया त्यांच्या जिवावर उठतो. म्हणून कडा गच्चीवर पिंपात बुडवला. पाणी बदलायचं, पीएचची पट्टी बुडवायची, पुन्हा पाणी बदलायचं. नळाच्या पाण्याचा आणि पिंपातल्या पाण्याचा रंग पट्टीवर एक होईपर्यंत टाकीत मासा नाही. तोवर काकू म्हणे धुणं बादलीत भिजवत होत्या. सिलिकॉनही साधं आणलं; बाथरूमचं नको, त्यात बुरशी मारणारं औषध असतं. वाळताना त्याला व्हिनेगरचाच वास येतो. त्या आठवड्यात तात्या बाटली विसरले तरी कळलं नसतं.

हे सगळं कशासाठी, तर वडापावच्या किमतीत येणाऱ्या गप्पीसाठी. मी हसायचो. मग टाकी भरली, दिवा लागला आणि मागचा कडा नीट पाहिला. एक पायरी तुटलेला घाट, उंबराची मुळं, पाण्यात उतरलेला काळा खडक. तात्यांच्या लहानपणची इंद्रायणी होती ती. त्या काठावर वडिलांसोबत खडस मासा बघायचे, असं ते म्हणाले. हाच तो महसीर. कर्नल साईक्सने 1839 साली मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रात नोंद केली, आणि लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांची माणसं आजही त्याची पिल्लं वाढवतात. तात्या हे सगळं टाकीकडे बघतच बोलले, माझ्याकडे नाही. त्या दिवशी त्यांनी मला चहाही स्वतः करून दिला, हे कबूल करायला हवं.

कार्तिकीला आम्ही आळंदीला गेलो. इंद्रायणीवर या काठापासून त्या काठापर्यंत पांढरा फेस तरंगत होता. कारखान्यांचं आणि गावोगावचं सांडपाणी. त्यातच माणसं आंघोळ करत होती, ओंजळीने पाणी तोंडात घेत होती. दगड भिजवून पट्टी बघणारा हा माणूस पायरीवर नुसता उभा होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, बाटली काढा की."

"कशाला?" तात्या म्हणाले. "फेस आधीच आलाय."