मुंबई ते नागपूर, मार्गे पोटातला गोळा

विमानाची भीती विमानतळावर सुरू होत नाही. ती तिकीट काढल्याच्या रात्री सुरू होते आणि निघायच्या आदल्या दिवशी ऐन भरात येते. या काळात घाबरणारा प्रवासी हवामान खात्याचा निष्ठावान वाचक बनतो, एरवी ज्या खात्यावर त्याचा काडीचा विश्वास नसतो. विमान एअरबसचे आहे की बोइंगचे, हे तो शोधून काढतो आणि दोन्ही उत्तरांनी सारखाच अस्वस्थ होतो. घरची मंडळी आपापल्या परीने हातभार लावतात. आजी देवापुढे सुपारी ठेवते. महिन्यातून दोनदा बंगळूरला जाणारे साडू फोनवरून सांगतात, "अहो, काही होत नाही. आणि झालंच तर कळतसुद्धा नाही." हा दिलासा पुढच्या तीन रात्रींना पुरतो.

वरवर एकच वाटणारी ही भीती मुळात निदान दोन तऱ्हांची असते. पहिल्या तऱ्हेच्या माणसाला विमान पडेल असे वाटते. दुसऱ्याची विमानाबद्दल काही तक्रार नसते. त्याला धास्ती स्वतःचीच असते. दार बंद झाले की श्वास कोंडेल, आपण ओरडू, लोक वळून बघतील आणि पुढच्या स्टेशनला उतरून जाण्याची सोय नसेल. या दुसऱ्या माणसाला विमान किती मजबूत असते हे पटवणे व्यर्थ आहे, कारण जितके मजबूत तितके ते त्याला बंद वाटते. उंचीच्या भीतीचा संबंध मात्र लोक समजतात तेवढा नाही. गच्चीच्या कठड्याशी ज्याचे पाय लटपटतात तो बऱ्याचदा खिडकीशी निवांत बसलेला आढळतो. जमिनीपर्यंत जाणारी भिंत डोळ्यांना दिसली नाही, की उंचीचा हिशेब लागत नाही. दोन्ही तऱ्हांच्या तळाशी एक गोष्ट सारखी असते: सूत्रे दुसऱ्याच्या हाती आहेत. मोटारीत चालकाशेजारी बसून नसलेला ब्रेक दाबणारी माणसे ओळखीत असतात. विमानात दाबायला तोही नसतो.

याचा बुद्धीशी काडीचा संबंध नाही, हे घाबरणाऱ्यांच्या वतीने नोंदवलेले बरे. आयझॅक असिमॉव्ह यांनी साऱ्या आकाशगंगेवर पसरलेल्या साम्राज्याच्या कथा लिहिल्या, पण स्वतः ते उभ्या आयुष्यात दोनदाच विमानात बसले. अंतराळावरचा गाजलेला चित्रपट काढणारे स्टॅन्ली कुब्रिक यांच्याकडे तर वैमानिकाचा परवाना होता. तरी त्यांनी पुढे विमानप्रवास सोडला. १९८७च्या 'फुल मेटल जॅकेट'साठी त्यांना व्हिएतनाम हवे होते. ते तिकडे गेले नाहीत. लंडनमधल्या बेक्टन येथील जुन्या गॅस कारखान्यात त्यांनी व्हिएतनाम उभारले आणि स्पेनहून ताडाची झाडे मागवली. प्रत्येकाला हे परवडत नाही. नागपूरला लग्न असेल तर नागपूर मुंबईत आणता येत नाही.

मुंबई–नागपूर हा दीड तासाच्या आतबाहेरचा प्रवास अभ्यासाला सोयीचा आहे, कारण घाबरवणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यात क्रमाने येतात. पहिली भेट आवाजाची. या मार्गावर एअरबस ए-३२० जातीची विमाने बरीच असतात आणि निघण्यापूर्वी त्यांच्या पोटातून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. पंखांच्या आसपास बसलेला नवखा प्रवासी याचे दोन अर्थ लावतो: काहीतरी तुटले आहे, किंवा खाली कोणाचा कुत्रा राहिला आहे. प्रत्यक्षात दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधला दाब सारखा करणारे यंत्र आपले काम करत असते. ते भुंकते म्हणजे ठीक आहे. हे एक वाक्य जरी कोणी आधी सांगितले असते तरी कितीतरी खुर्च्यांचे हात सुटले असते. पण विमानात सूचना मिळते ती शिटी कशी वाजवायची याची.

आपत्कालीन दाराजवळची जागा मिळालेल्या माणसाची परीक्षा वेगळी असते. गरज पडल्यास दार उघडाल का, असे त्याला विचारले जाते. तो 'हो' म्हणतो आणि पुढे सारा वेळ आपल्या कोपराचा धक्का त्या दाराला लागू नये म्हणून अंग चोरून बसतो. विमान उंचावर गेले की आतला दाब त्या दाराला चौकटीत घट्ट बसवतो आणि त्यावर काही टनांचा भार येतो. कोपर सोडा, पैलवान आणून बसवला तरी ते हलत नाही.

मुंबईत दिवसाचा बराच वेळ वारा समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊनच उडते. त्यामुळे पूर्वेच्या नागपूरला निघालेले विमान बहुधा पश्चिमेला, जुहूवरून थेट अरबी समुद्रावर जाते. भूगोलात बऱ्यापैकी गुण मिळवलेल्या प्रवाशाला इथेच पहिली शंका येते. चाके पोटात जातात आणि पायाखाली धप्प आवाज होतो, ही दुसरी. मिनिटभरात वैमानिक इंजिनांचा जोर ठरल्याप्रमाणे कमी करतो, नाक थोडे खाली आणतो, आणि तिसऱ्या शंकेला शंका म्हणण्याची सोय उरत नाही: विमान खाली चालले आहे.

ते खाली चाललेले नसते. वरच चढत असते, फक्त जरा सावकाश. ही फसवणूक कानाची आहे. तोल सांभाळणारा अंतर्कर्णातला अवयव वेग आणि चढ यांत गल्लत करतो. विमान धावपट्टीवर वेग घेते तेव्हा त्याला आपण भलतेच उभे चढत आहोत असे वाटते. जेमतेम १५ अंशांचा चढ कितीतरी जास्त उभा भासतो. पुढे वेग वाढण्याचे प्रमाण घटले की तोच अवयव 'पडलो' म्हणून कळवतो. मग विमान नागपूरची दिशा धरण्यासाठी कलते. एका खिडकीत नुसते आकाश आणि दुसरीत नुसता समुद्र दिसतो. प्रवासी विमान साधारण २५ ते ३० अंशांपलीकडे कलंडवत नाहीत. तरीही घाबरलेला प्रवासी आपले वजन हळूच विरुद्ध बाजूला टाकून वैमानिकाला मदत करत असतो.

पट्ट्याचा दिवा विझतो आणि प्रवासाचा सर्वांत कंटाळवाणा, म्हणजे सर्वांत चांगला भाग सुरू होतो. बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी असते. आतली हवा मात्र फार तर अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असते तितकीच विरळ ठेवतात. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे प्रवासी तिच्याहून उंच डोंगरावर बसून कपातला उपमा खात असतो. घाबरणाऱ्याचे लक्ष उपम्याकडे नसते. ते असते हवाईसुंदरीच्या चेहऱ्याकडे. ती हसली तर सगळे ठीक, ती घाईने मागे गेली तर संपले. ती बहुधा गरम पाणी आणायला गेलेली असते.

मग धक्के बसतात. उन्हाळ्याच्या दुपारी विदर्भ जवळ आला की ते हमखास येतात, कारण तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट वर उठत असतात. हवेत खड्डे नसतात. वर जाणारे आणि खाली येणारे झोत असतात, आणि विमान एकातून दुसऱ्यात शिरते. पोटाला हजार फूट पडल्यासारखे वाटते तेव्हा उंचीमापकावर बहुतेक वेळा काही मीटरांचाच फरक दिसतो. पंख वर-खाली होताना दिसतात, कारण ते वाकण्यासाठीच बनवलेले असतात. न वाकणारा पंख ही खरी काळजीची गोष्ट ठरली असती. १९९५ साली बोइंगने ७७७ विमानाचे पंख जमिनीवर मुद्दाम मोडून पाहिले. उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार अपेक्षित, त्याच्या १५४ टक्के भार दिल्यावर ते मोडले, आणि तोवर त्यांची टोके सुमारे ७ मीटर वर वाकली होती. धक्क्यांचा खरा धोका पंखांना नसून पट्टा न बांधलेल्या डोक्यांना असतो. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान म्यानमारवर जोरदार धक्क्यांत सापडले. एक प्रवासी दगावला आणि अनेक जखमी झाले, पण विमान बँकॉकला नीट उतरले. तेव्हा दिवा विझला तरी पट्टा सैलसा बांधून ठेवणे ही या लेखातली एकमेव सूचना आहे जी शूरांनीही पाळावी.

इंजिने बंद पडली तर? विमान दगडासारखे पडत नाही, तरंगत उतरते. २४ ऑगस्ट २००१ रोजी कॅनडाच्या एअर ट्रान्सॅट कंपनीच्या एअरबस ए-३३० विमानाचे इंधन गळतीमुळे अटलांटिकवर संपले आणि दोन्ही इंजिने थांबली. त्यानंतर ते सुमारे १९ मिनिटे आणि सुमारे १२० किलोमीटर तरंगत अझोर्स बेटांवर उतरले. आतली ३०६ माणसे वाचली. गाडी घेताना 'ॲव्हरेज किती देते' हे पहिल्यांदा विचारणाऱ्या माणसाने या १२० किलोमीटरांकडे आदराने पाहावे. मुंबई–पुण्याचे हवाई अंतर साधारण तेवढेच आहे, आणि तेही थेंबभर इंधनाशिवाय.

शेजारी बसलेला जाणकार आकडेवारी काढतो तो याच सुमाराला. त्याची आकडेवारी खरी असते. अमेरिकेतल्या एमआयटीचे अर्नोल्ड बार्नेट यांच्या हिशेबाने २०१८ ते २०२२ या काळात जगभरात दर १ कोटी ३७ लाख प्रवाशांमागे एक मृत्यू झाला. भारतात एकट्या २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, दिवसाला सुमारे ४६०. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अनेक अमेरिकन विमान टाळून मोटारीने फिरू लागले. त्यापायी पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १,५०० जादा बळी गेले, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी दाखवले. पण १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून निघालेले विमान काही क्षणांत कोसळले, आतल्या २४२ पैकी २४१ जण गेले आणि जमिनीवरचेही गेले. ती चित्रफीत ज्याने पाहिली त्याच्या मनाला वेड लागलेले नाही. मन आकडे मोजत नाही, चित्रे मोजते. रस्त्यावरच्या ४६० जणांची चित्रफीत कोणी दाखवत नाही. म्हणून जाणकाराने आकडे आपल्यापाशी ठेवावेत. घाबरलेल्याला आकडे आधीच पाठ असतात.

त्याला उपयोग होतो तो श्वासाचा. घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, खांदे खाली सोडायचे आणि खुर्चीचा हात सोडायचा. तो धरून ठेवल्याने विमान वर राहते असा पुरावा मिळालेला नाही. छाती धडधडणे, घाम, पोटात गोळा, हाताला मुंग्या येणे हा ॲड्रेनलिनचा खेळ असतो. तो शिगेला पोहोचतो आणि साधारण दहा मिनिटांत उतरू लागतो, मात्र त्याच्याशी कुस्ती धरता कामा नये. आत शिरतानाच 'मला भीती वाटते' असे कर्मचाऱ्यांना सांगून टाकणेही फायद्याचे. लपवण्याचे कष्ट वाचतात आणि भीतीचे निम्मे ओझे लपवण्याचेच असते.

बाटलीचा उपाय भारतात आपोआप अवघड झाला आहे, कारण देशांतर्गत विमानात मद्य मिळत नाही. काही जण विमानतळावरच बेगमी करून येतात. ते घाबरतातच, फक्त मोठ्याने. गोळीचे प्रकरण अधिक शिकवणारे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फ्रँक विल्हेल्म आणि वॉल्टन रॉथ यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विमानाला घाबरणाऱ्या काही स्त्रियांना उड्डाणाआधी अल्प्राझोलाम हे भीती शमवणारे औषध दिले, काहींना नुसतीच बिनऔषधी गोळी. पहिल्या उड्डाणात औषधवाल्यांना बरे वाटले. आठवड्याने सर्वांनी गोळीविना पुन्हा उड्डाण केले, तेव्हा औषधवाल्याच जास्त घाबरल्या. कारण उघड आहे: पहिला प्रवास गोळीने केला होता, त्यांनी नव्हे.

नागपूर जवळ येते तसे आवाज परत येतात, उलट्या क्रमाने. पंखांचे पडदे घरघरत बाहेर सरकतात, चाके धडधडत उतरतात, पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात आणि टेकताच इंजिने गर्जतात. ती या वेळी विमान थांबवायला मदत करत असतात. ओल्या धावपट्टीवर वैमानिक मुद्दाम जरा दणकून टेकतो, म्हणजे चाकांची पकड बसते. त्यावरून त्याची लायकी काढू नये. याच सोनेगावच्या विमानतळावर १९४९ पासून रात्रीच्या टपालसेवेची दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री एकत्र येत आणि टपालाच्या थैल्या, शिवाय झोपाळू उतारूही, अदलाबदल करून परत फिरत. पंख्याच्या इंजिनांचा, आजच्यापेक्षा कितीतरी खालून जाणारा तो प्रवास लोकांनी केला होता. घाबरत केला असेल, पण केला.

ज्यांचे भय याहून खोल आहे, तिकीट काढून घरीच राहण्याइतके, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. विचारांची आणि सवयींची घडी बदलणारी 'सीबीटी' उपचारपद्धती इथे चांगली लागू पडते. तिचा गाभा साधा आहे: घाबरवणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जायचे. आधी कोणाला तरी सोडायला विमानतळावर, मग उड्डाणाच्या चित्रफिती किंवा डोळ्यांवर चढवायच्या आभासी चष्म्यातले विमान, मग छोटा प्रवास. भीती गेली की विमानात बसू, असे म्हणून थांबलेला माणूस थांबूनच राहतो, कारण टाळल्याने मिळालेली सुटका मनाला गोड लागते आणि पुढच्या खेपेस भीती अधिक गुबगुबीत होऊन येते. जाण्यात भीती कमी होते ती थोडी. तिचा निकाल लागतो परतताना. तेव्हा लग्नाला नागपूरला जाणाऱ्यांनी येतानाचे तिकीटही विमानाचेच, आणि शक्यतो आठवड्याच्या आतले काढावे. विदर्भ एक्सप्रेसचे काढून ठेवले असेल तर रद्द करावे. थोडे पैसे कापले जातात, बाकीचे परत मिळतात.