उपाशी ठेवणारे काका

बंगळुरूच्या पीण्यात, कारखान्यांच्या वसाहतीत, दोन जातीचे मालक सापडतात. एक कामगारांवर ओरडणारे, दुसरे बेस्कॉमवर, म्हणजे वीज कंपनीवर, ओरडणारे. दुसऱ्या टप्प्यातल्या एका शेडमध्ये मात्र तिसऱ्या जातीचा एकमेव नमुना आहे. तो जिवाणूंवर ओरडतो.

काका मूळचे निपाणीचे. डेअऱ्यांना आणि औषध कंपन्यांना स्टीलच्या टाक्या करून देता देता चाळीस वर्षं झाली, तुमकूर रोडवर फ्लायओव्हर आला, मेट्रो आली, पण काकांचं 'काय करूलालास?' काही गेलं नाही. एसएस 316 च्या टाकीला आतून असं पॉलिश मारतात की गिऱ्हाइकानं आधी भांग पाडावा आणि मग चेक फाडावा. जगातल्या कुठल्याही शास्त्राबद्दल त्यांचं मत एकच : "शेवटी पाइपिंगच की ओ." हृदयाच्या बायपासबद्दलही हेच मत, आणि ते त्यांनी स्वतःच्या सर्जनला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ऐकवलं होतं.

तर झालं असं की कुठल्याशा पोरांच्या कंपनीनं त्यांच्याकडे दोनशे लिटरचा फर्मेंटर सांगितला. जॅकेट, स्पार्जर, मेकॅनिकल सील, सगळं तयार झालं आणि पोरांनी फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या कुणी टाकी मोडीत काढली असती. काकांनी चौकशी केली, ह्यात पोरं करणार काय होती? कळलं की जिवाणू पाळून त्यांच्याकडून प्लॅस्टिक करून घेणार होती, मातीत कुजणारं. कर्नाटकानं 2016 मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद केल्या, केंद्रानं 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिकच्या वस्तू बंद केल्या, आणि तरी शेडसमोरचं गटार पहिल्याच पावसात पिशव्यांनी तुंबतं, हे काका रोज बघतात. "एवढंच ना?" म्हणाले आणि टाकी ठेवून घेतली.

खरं कारण वेगळं होतं. काकांचा एक जीवनसिद्धांत आहे : हाल केल्याशिवाय प्राणी सुधारत नाही. हा सिद्धांत त्यांनी मुलावर वापरून पाहिला. मुलगा आता व्हाइटफिल्डला राहतो आणि रात्री बारा वाजता बिर्याणी मागवतो. आयटीआयच्या शिकाऊ पोरांवर वापरला. ती आठवड्यात समोरच्या शेडमध्ये गेली. जिवाणूंना जायला समोर शेड नाही. टाकीचं झाकण आठ बोल्टांनी बंद.

त्यातून हे जिवाणू जणू काकांसाठीच घडवलेले. मोरीस लमॉन्य ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1926 मध्येच दाखवलं होतं की काही जिवाणू पोटात एका पॉलिएस्टरचे कण साठवतात. पीएचबी म्हणतात त्याला. खायला साखर भरपूर आणि नत्र मात्र नाही अशी कोंडी केली की गडी वाढायचा थांबतो आणि दुष्काळाच्या भीतीनं कणगी भरू लागतो. काही जाती तर वाळलेल्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत प्लॅस्टिकच होऊन बसतात. हे ऐकल्यावर काकांच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते मुलाच्या कॉन्व्होकेशनलाही आलं नव्हतं.

धारवाडहून एमएस्सी केलेली एक मुलगी त्यांनी कामाला ठेवली. तिला ते 'पोरी' म्हणतात, ती त्यांना 'सर' म्हणते, आणि प्रयोगशाळेत खरं सर कोण आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून कल्चर आलं. दोन दिवस त्यानं काहीच हालचाल केली नाही. "पुण्याचंच," काका म्हणाले. मुलीनं समजावलं की नव्या जागी जिवाणू आधी रुळतात. काकांनी ते पुण्याला लागू धरलं नाही.

ह्या जिवाणूचं नाव आज क्युप्रियाव्हिडस निकेटर. आधी ते राल्स्टोनिया होतं, त्याआधी अल्कॅलिजिनस, मधे काही काळ वॉटर्सिया. "म्हणजे जीएसटी थकलेला दिसतोय," काकांनी शेरा मारला. मूळ जातीला ग्लुकोज पचतच नव्हतं. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीनं ग्लुकोज खाणारा वाण हाताशी धरला आणि त्यातून बायोपॉल नावाचं प्लॅस्टिक केलं. 1990 मध्ये जर्मनीत शांपूची बाटली त्यातून निघाली. इथे काकांचा उत्साह गगनाला भिडला. आपल्या मुलुखातल्या साखर कारखान्यांच्या मळीवर हे जिवाणू वाढवायचे! जनुकात कापाकापी नाही, तिला समित्या आणि परवानग्या लागतात. नुसतं रोज सकाळी कालच्या चंबूतला शंभरावा हिस्सा नव्या चंबूत घालायचा, मळी थोडी वाढवायची, जो तगेल तो आपला.

अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की ह्या शास्त्रज्ञानं 1988 पासून जिवाणूंचे असेच बारा चंबू रोज पुढे नेले. चंबूत सायट्रेट पहिल्या दिवसापासून होतं, पण हवा असताना ते कुणी खाईना. साधारण 31,500 पिढ्या गेल्यावर, पंधराएक वर्षांनी, बारांपैकी एका चंबूतले जिवाणू ते खायला लागले. मुलीनं हे सांगितलं ते काकांनी धीर धरावा म्हणून. काका म्हणाले, "पंधराच? आमच्या चिरंजीवांना भोपळा खायला बावीस लागली."

काकांनी मग जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी सात वाजता, देवाला फूल वाहायच्या आधी, चष्मा कपाळावर सरकवून, पिपेट धरून ते चंबूला दटावत असत : "खा! कालच्याएवढंच खाल्लंस तर उद्या तुझा नंबर नाही." दर पंधरवड्याचे नमुने ग्लिसरॉलमध्ये घालून घरच्या फ्रीझरमध्ये, खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी जात. काकूंनी त्यावर चिठ्ठी लावली : 'हे खायचं नाही. ह्यांना विचारूनही खायचं नाही.'

काही महिन्यांत कल्चर असं वाढायला लागलं की चंबू दुपारीच गढूळ. काकांनी पेढे वाटले. मुलीनं पेढा बाजूला ठेवला आणि बशीतल्या वसाहतींना नाइल रेड नावाचा रंग दिला. पोटात प्लॅस्टिक असेल तर अतिनील दिव्याखाली वसाहत नारिंगी चमकते. दिवा म्हणजे कॅशियरकडचा नोटा तपासायचा. खोलीत अंधार केला, दिवा लावला. बशी काळीठिक्कर. कोपऱ्यात एकच ठिपका मिणमिणत होता, आणि तो पेढ्याच्या कागदाचा निघाला.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही रोज कोणाला पुढे नेत होता? जो भराभर वाढेल त्याला. साठा करणारा मागे पडतो. ह्यांनी साठा करायचं सोडूनच दिलं."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी वेल्डरांना इंचावर पैसे दिले होते आणि वेल्डर इंच वाढवतात, वेल्ड नाही, हे त्यांना पाठ होतं. पण जिवाणूसुद्धा पीसरेटवर काम करतो, हा घाव नवा होता. "फुकटे! मळी खाऊन माजलेत," एवढंच म्हणून त्यांनी अख्खा चंबू ऑटोक्लेव्हमध्ये घातला.

मग फ्रीझरमधून जुना नमुना काढला आणि पद्धत बदलली. ह्या बाबतीत डच लोकांनी बरंच काम केलं आहे : थोडा वेळ पंगत, मग लांबलचक उपास, पुन्हा पंगत. पंगतीत ज्यानं गपकन उचलून पोटात साठवलं तोच उपासात वाढतो. नुसता चापणारा उपासात गळतो. निवडीलाच साठ्याची चटक लागते. काकांचं रक्त पुन्हा उसळलं. उपासाचं वेळापत्रक त्यांनी स्वतः केलं. त्यात एकादशी धरलेली पाहून मुलीनं तेवढी खोडली.

दिवा लागला, बशी नारिंगी उजळली. काही दिवसांनी व्हिजिटिंग कार्डाएवढी एक पापुद्र्यासारखी चकती झाली. काकांनी ती पीण्यातल्या प्रत्येक शेडमध्ये फिरवली. शेजारच्या पावडर कोटिंगवाल्यानं कौतुकानं वाकवून पाहिली आणि तिचे कटकन दोन तुकडे झाले. नुसतं पीएचबी ठिसूळच असतं. एक तुकडा काकांनी घरच्या तुळशीत पुरला आणि कुजला का ते रोज उकरून पाहू लागले, तेव्हा काकूंनी तुळस उचलून गच्चीवर नेली.

ठिसूळपणावर आयसीआयनंच इलाज काढलेला आहे : जिवाणूंना सोबत प्रोपिऑनिक आम्ल खाऊ घातलं की साखळीत व्हॅलरेट शिरतं आणि प्लॅस्टिक लवचीक होतं. गेल्या सोमवारपासून ते सुरू झालं आहे. आम्लाचा वास घामट मोज्यांत नासकं चीज ठेवावं तसा. पावडर कोटिंगवाला नाकाला रुमाल लावून भांडायला आला. मालकाशी, भाडेकरूंशी, मुलाशी, जिवाणूंशी कशाशीच आयुष्यात जुळवून न घेतलेले काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत गोड आवाजात कानडीत म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."