वईपलीकडचा मॉल

आमच्या आणि काकींच्या परसामध्ये शेराची वई आहे. पावसात ती माजते, उन्हाळ्यात सुकते. विहिरीच्या बाजूला मात्र एका जागी ती बारमाही विरळ, कारण गेली अकरा वर्षं तिथे मी इकडून आणि काकी तिकडून उभ्या राहतो. वाटीभर डाळ, कढीपत्ता, एकदा तर मांजराचं पिल्लू, आणि मनोरची प्रत्येक बातमी त्या भगदाडातूनच ये-जा करते.

परवा बोईसरहून येऊन पाय धुतेय तोच हाक आली.

"काय गो बाय, ऐकलंस काय? चिल्हार फाट्याला मॉल होतोय."

"कोण म्हणालं?"

"मासळीवाली. तिच्या भाच्याची इको आहे ना, तो रोज तिथनंच जातो. जेसीबी लागलाय म्हणे."

आता आमच्याकडे जेसीबी लागण्याला काही अर्थ नसतो. हायवेच्या कडेला कुणी माती सपाट करायला घेतली की चहाच्या टपरीवर तिथे आधी पेट्रोल पंप उभा राहतो, मग रिसॉर्ट, मग इंजिनियरिंग कॉलेज. दोन पावसाळे गेले की त्या जागेवर टाकळा उगवलेला असतो. पण हल्ली अफवांनीही बाळसं धरलंय. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला. वाढवण बंदराची पायाभरणी करायला ऑगस्ट 2024 मध्ये खुद्द पंतप्रधान पालघरला येऊन गेले. तेव्हापासून गाडीची काच अर्धीच खाली करून गुंठ्याचा भाव विचारणारे वाढलेत. मग मॉल आला तर नवल काय?

"कसला मॉल पण?" मी विचारलं. "ट्रॉलीचा की जिन्याचा?"

हसू नका, आमच्याकडे हा भेद महत्त्वाचा आहे. थंड हवेत ट्रॉली ढकलत तूरडाळ घेता आली की तो मॉल. दोन मजली रेडीमेडचं दुकान, दाराला काच आणि दारात पुतळा असला तर तो कपड्यांचा मॉल. आणि ज्यात सरकता जिना आहे, ज्यात काही न घेता नुसतं फिरून यायचं, तो जिन्याचा. खरा मॉल तोच.

"जिन्याचा," काकी म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आत घेतील ना गो पण आपल्याला?"

मला बोंबलांची गोष्ट माहीत होती म्हणून मी हसले नाही.

काकींची लेक मालाडला दिली आहे. एका उन्हाळ्यात काकी तिच्याकडे निघाल्या, कापडी पिशवीत सातपाटीचे सुके बोंबील आणि वर वाटाभर जवळा. लेकीने स्टेशनवरून घरी नेण्याऐवजी थेट मॉलात नेलं. कुठल्या, ते काकी सांगत नाहीत, आपणही विचारू नये. दारात लेकीच्या पर्समध्ये रखवालदाराने काठी फिरवली न फिरवली. काकींच्या पिशवीत मात्र काठी गेली आणि तशीच थांबली. "मावशी, यात काय आहे?" "बोंबील." त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसरा मालवणकडचा निघाला. त्याने वाकून वास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "सातपाटीचे काय?" मग फार अदबीने पिशवीचं तोंड पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बंद केलं, बिल्ला दिला, आणि बोंबील जाऊन बसले काउंटरवर, दोन लॅपटॉपच्या बॅगांच्या मध्ये.

"दोन तास माझा जीव त्या पिशवीत," काकी म्हणाल्या. "आणि दार सापडेना. काकांना बनियन घ्यायला शिरलो होतो. आलो काय घेऊन, तर भिंतीवरचं घड्याळ. तीनदा त्याच घड्याळवाल्यापुढे आलो. आशेरीच्या रानात चकवा लागतो ना, तस्सा."

चकवा हाच शब्द खरा. फक्त रानातला चकवा कुणी मुद्दाम बांधलेला नसतो. मॉलात वर जायचा जिना एका टोकाला, खाली यायचा दुसऱ्या टोकाला, म्हणजे मधली सगळी दुकानं पायाखाली येतात. खिडकी नाही, त्यामुळे बाहेर दिवस आहे की दिवेलागण झाली ते कळत नाही. आलो कशाला हेच माणूस विसरतो, या अवस्थेला धंद्यातल्या लोकांनी एका माणसाचं नावही दिलंय, ग्रूएन. हा व्हिक्टर ग्रूएन व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार, हिटलरच्या भीतीने अमेरिकेत गेलेला. मिनियापोलिसजवळ एडिना नावाच्या सुखवस्तू उपनगरात त्याने 1956 मध्ये साउथडेल उभारला. चारी बाजूंनी बंद आणि बाराही महिने एकसारखी हवा असलेला हा पहिला मॉल. 72 दुकानं, मध्ये बाग, बागेत पक्ष्यांचा भलामोठा पिंजरा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत कायमचा फाल्गुन. बिचाऱ्याच्या मनात होता आपल्या व्हिएन्नातला चौक, जिथे माणसं रेंगाळतात, गप्पा मारतात. लोकांनी चौक सोडला आणि दुकानं उचलली. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परतला तर गावाबाहेर तसलंच अवाढव्य प्रकरण उभं राहत होतं. पुढे त्याने मॉलांशी असलेलं नातंच नाकारलं.

"म्हणजे पोर वाया गेलं म्हणून बापाने हात झटकले," काकी म्हणाल्या. "पण माझ्या प्रश्नाचं काय? आत घेतात की नाही?"

घेत नव्हते. म्हणजे मुंबईत सुरुवातीला तरी सगळ्यांना घेत नव्हते. 1999 मध्ये हाजी अलीजवळ पिरामलांनी क्रॉसरोड्स काढला. जागा मूळची एका औषधांच्या कारखान्याची. पांढरा झगझगीत मॉल बघायला अख्खी मुंबई लोटली. घ्यायला नव्हे, जिना बघायला. तेव्हा मालकांनी दारावर अट घातली, मोबाइल दाखवा नाही तर क्रेडिट कार्ड, दोन्ही नसेल तर तिकीट काढा. पन्नास-साठ रुपये. 1999 साली मोबाइल म्हणजे काय चीज होती ते आठवा. येणाऱ्या कॉललासुद्धा पैसे पडायचे.

"साठ रुपये? नुसतं आत जायला?" काकींनी वईचं एक पान तोडलं, मग चिकामुळे हात झटकला. "साठ रुपयांत तेव्हा आठवड्याचा बाजार यायचा."

अट फार दिवस टिकली नाही, बोभाटाच तेवढा झाला. आणि गंमत पुढे आहे. तोच क्रॉसरोड्स नंतर सोबो सेंट्रल झाला आणि हळूहळू ओस पडला. ज्या दारातून माणसं हाकलत होते त्या दारातून माणूस शिरेना.

ओट्यावर काका तंबाखू मळत बसले होते. ते आमच्या गप्पांत सहसा पडत नाहीत, पण गिरण्यांचा विषय निघाला की कान टवकारतात. इथे विषय अजून निघायचा होता, त्यांनीच काढला.

"फिनिक्सचं सांग तिला."

काका परळच्या बाजूला एका गिरणीत साच्यावर होते. गिरणीचं नाव ते घेत नाहीत. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. काका म्हणतात, त्या हिशेबाने मी अजून संपावरच आहे. दीड वर्ष वाट पाहून ते मनोरला आले, भात लावला, वाल पेरला, ते आजतागायत.

फिनिक्स मिल 1905 ची. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी उघडायला वाट दिली. त्या आवारात आधी बोलिंग अ‍ॅली आली, 2001 मध्ये बिग बझार आला, जिथे बारदानातल्या तांदळात हात घालून बघता यायचा, आणि 2009 च्या सुमाराला त्याच आवारात पॅलेडियम आला, जिथे हात लावायची छाती होत नाही. बिग बझार आता इतिहासजमा, पॅलेडियम जोरात.

"चिमणी तेवढी ठेवलीय," काका म्हणाले. "मुलाने नेलं होतं. मी खाली जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बॉयलर नाही तर चिमणी कशाची? तर खाली लोक कॉफी पितायत." तंबाखू तोंडात टाकून ते जरा थांबले. "मी गिरणीचा पास घेऊन गेलो होतो. फोटोवाला. म्हटलं, दारात विचारतील. कुणी विचारलंच नाही."

काकी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. पास बरोबर नेला होता, हे त्यांनाही त्या दिवशीच कळत होतं, असं मला वाटलं.

विषय बदलायला म्हणून मी मालाडवर आले. आपल्याकडची बरीच मंडळी जिन्याचा मॉल पहिल्यांदा बघतात तो मालाडचाच, इनऑर्बिट. 2004 चा. राहेजांचा. त्यांनी 1991 मध्ये अंधेरीत शॉपर्स स्टॉप काढला होता, म्हणजे दुकान आधी आणि दुकानासाठी मॉल नंतर. आणि त्या पट्ट्यात आधी काय होतं? मुंबईचा कचरा. शेजारचं माइंडस्पेस जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं आहे. खालून निघणाऱ्या वायूंनी तिथल्या ऑफिसांतले संगणक बिघडायचे, तांब्या-चांदीचे बारीक भाग काळे पडून.

"आणि माझ्या बोंबलांना नाक मुरडतात!" काकी एकदम म्हणाल्या.

यावर मी काय बोलणार?

"पण मला सांग, तो हाजी अलीचा बुडाला आणि मालाडचा चालतो, असं का?"

इथे माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. एकेकाची कारणं निराळी, पण एक मेख सगळीकडे आहे. मॉल दोन तऱ्हेने बांधतात. एक म्हणजे गाळे विकून मोकळं व्हायचं. बिल्डरला पैसे लगेच मिळतात, गाळेवाल्याला मालकी मिळते, आणि मॉलला धनी राहत नाही. एकाने मोबाइलची कव्हरं लावली, दुसऱ्याने शटर पाडून भाव वाढायची वाट बघितली, तिसरा दुबईला. जिना बंद पडला तर दुरुस्तीचे कोणी द्यायचे यावर मीटिंगा. दुसरी तऱ्हा, एकही गाळा विकायचा नाही, सगळे भाड्याने, मालक एकच. कुणाशेजारी कोण बसेल हे तोच ठरवतो. खप चांगला तर भाडंही खपाच्या हिशेबात वाढतं, म्हणून गिऱ्हाईक आणायची काळजी मालकालाच.

"धाकट्या दिरांची वाडी आठवा," मी म्हटलं. "सातबाऱ्यावर सतरा नावं."

"विहिरीचा गाळ नऊ वर्षं कुणी काढला नाही," काकी लगेच म्हणाल्या. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

मोठ्या दुकानाला मालक फुटामागे भाडं कमी लावतो, छोट्यांना जास्त, हे मात्र त्यांना अन्याय वाटलं. मग जत्रा आठवली. पाळणेवाल्याला जागा स्वस्तात देतात, कारण पाळण्यापायी लोक येतात आणि भेळवाल्याकडे खातात. भेळवाला कुरकुरतो, पण पाळण्याच्या शेजारची जागा सोडत नाही.

"आणि आमच्या बाजारात?" काका ओट्यावरून.

आमच्या मनोरच्या बाजारात भाडं नाही असं नाही, पावती फाडतात. पण जागा ज्याची त्याची ठरलेली. सुक्या मासळीच्या बाया एका ओळीत, सुपं-टोपल्यावाले कडेला, पावसाच्या तोंडावर पाड्यांवरून उतरणाऱ्या वारली बायकांच्या पुढ्यात शेवळांच्या जुड्या, आणि शेवळांबरोबर घसा खाजू नये म्हणून आंबट काकडं. ही काकडं वेगळी विकत नाहीत, जुडीबरोबर मूठभर येतात. कुठल्या मॉलात हे जमेल, मला माहीत नाही. आत जायला दार नाही, तेव्हा चकव्याचीही सोय नाही. चिखल मात्र घोट्यापर्यंत, आणि त्याबद्दल माझं प्रेम आटोक्यात आहे. जून महिन्यात, हातात दोन पिशव्या आणि साडी वर धरलेली, अशा वेळी मला ग्रूएनचं म्हणणं पूर्ण पटतं.

काकींचं मत निराळं. "होऊ दे मॉल. म्हातारपणी बसायला थंड जागा होईल. काही घ्यायचं नाही, नुसतं बसायचं. आणि स्वच्छ संडास. हायवेला बायकांनी कुठं जायचं, सांग?"

याला उत्तर नव्हतं. जगातल्या भल्याभल्या नगररचनाकारांना जे सुचलं नाही ते काकींनी शेराच्या वईवर हात टेकून सांगितलं होतं.

दोन दिवसांनी पुन्हा हाक आली, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

"मॉल नाही गो. गोडाऊन होतंय. मोबाइलवरनं मागवतात ना, त्याचा माल ठेवायला. मासळीवालीच्या भाच्याने आत जाऊन विचारलं."

"मोठं आहे का?"

"लांबच्या लांब. त्याने दारं मोजली. आठ." काकींनी भगदाडातून झाकलेली वाटी पुढे केली. भाजलेल्या बोंबलांचा वास वाटीच्या आधी पोचला. "सगळी ट्रकांची."